ओट्यापाशी उभे असलेले बाबा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण हाती पडले आणि सर्वांत आधी आठवली ती जिन्याखालची चित्रकलेची खोली आणि आमच्या बाई.

आठवीत एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी स्मरणचित्राचा सराव चालू असताना बाईंनी ‘घरातील सकाळ’ हा विषय दिला. मी ओट्यापाशी पोळ्या लाटणारी आई आणि खुर्चीत वर्तमानपत्र वाचणारे बाबा काढले. दुसऱ्या दिवशी बाईंनी सर्वांचे कागद दोरीवर ओळीने टांगले आणि एवढेच विचारले, “यांतल्या किती चित्रांत आई बसलेली आहे?” एकाही चित्रात नव्हती. मग माझ्या कागदापाशी थांबून त्या हळूच म्हणाल्या, “तुमच्याकडे पोळ्या तर बाबा करतात ना रे?”

आई परिचारिका होती. ती रात्रपाळी करून सकाळी घरी येई आणि कणीक मळण्यापासून माझा डबा भरण्यापर्यंत सारे बाबाच करीत. तरीही चित्रातले घर चारचौघांसारखे दिसावे म्हणून मी माझ्याच बाबांना ओट्यापासून उचलून खुर्चीत बसवले होते. तसे काढायला मला कोणी सांगितले नव्हते. पाठ्यपुस्तकांतली चित्रे पाहून पाहून हाताला ते वळण लागले होते.

त्याच तासाला बाईंनी अमृता शेरगिल यांच्या १९३५ सालच्या ‘तीन मुली’ या चित्राची पुठ्ठ्यावर चिकटवलेली प्रत दाखवली. चेहऱ्यांवर आपला तळवा ठेवून त्या म्हणाल्या, “आता फक्त हात बघा.” ते हात निमूट पडून होते. मुलीने कसे बसावे, नजर कुठे ठेवावी, हे अंगात किती खोल मुरते ते मला त्या हातांनी सांगितले. या चित्राला १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि शेरगिल अवघ्या २८ व्या वर्षी गेल्या, हेही बाईंकडूनच कळले.

आज मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढतो. स्वयंपाक करणारा बाप बदलून द्या, असे एकदा सांगण्यात आले तेव्हा मी ते काम सोडले. ते बळ बाईंचे. त्या खोलीत आता संगणक मांडले आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बाईंनी ते चित्र माझ्याकडून पुन्हा काढून घेतले: खांद्यावर पंचा टाकून पोळ्या लाटणारे, कोपरापर्यंत पीठ लागलेले बाबा आणि पांढरे बूट काढून, स्टुलावर पाय ठेवून बसलेली आई. बाबांनी ते कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवले. घरात पाहुणे असले की ते दार ते उघडत नसत.