खारीचा वाटा

स्मरणिकेसाठी लिहून द्या असा ग्रुपवर तिसऱ्यांदा मेसेज आला तेव्हा कुठे लिहायला बसलोय. गॅदरिंग, सहल वगैरे बाकीचे लिहितीलच, मी नववीतल्या एकाच तासाबद्दल लिहितो.

बाई उत्क्रांती शिकवत होत्या. माकडांचे आणि आपले डोळे समोर का, हातपाय पकड घेणारे का, नख्यांच्या जागी चपटी नखं का, तर पूर्वज झाडावर राहायचे म्हणून. वहीत उतरवून पण झालं सगळ्यांचं. मी नेहमीसारखा खिडकीबाहेर, आणि तिथे एक खार डोकं खाली करून खोडावरून सरसर उतरत होती, मागचे पंजे उलटे फिरवून सालीत नख्या रुतवत. बाईंनी पकडलं, काय दिसतंय रे बाहेर? घाबरून बोलून गेलो, बाई, खार पण झाडावरच राहते की, मग तिचे डोळे बाजूला कसे? वर्ग हसला. बाई नाही हसल्या, म्हणाल्या, मला नाही सांगता येत, शोधू आपण. मग सगळ्यांना हात लांब करून, एक डोळा मिटून दोन पेन्सिलींची टोकं एकमेकांना टेकवायला लावली, कोणाचीच पहिल्या फटक्यात टेकेनात, नुसता दंगा. दोन्ही डोळ्यांनी एकच गोष्ट बघितली की अंतर नीट कळतं, समोरच्या डोळ्यांचा फायदा तोच.

पुढे झूलॉजी घेतलं ते त्या तासामुळे (आई म्हणते मेडिकल हुकलं म्हणून, तेही खरंच आहे). तिथे कळलं की झाडावर राहण्याची थिअरी १९१०-२० च्या काळातली, इलियट स्मिथ आणि वुड जोन्स या शरीररचनेच्या अभ्यासकांची, आणि ती खोडून काढायला मॅट कार्टमिल या संशोधकाने १९७४ मध्ये हीच खार पुढे केली होती! त्याचं म्हणणं, समोर डोळे तर घुबडाला आणि मांजरालाही असतात, म्हणजे ते शिकारीसाठी, आपले पूर्वज बारीक फांद्यांवर दबा धरून किडे पकडायचे. मी खूश. पण १९९१ मध्ये ससमन नावाचा दुसरा संशोधक म्हणाला की किडे बरेच जण कानाने आणि वासानेही शोधतात, खरं कारण फुलझाडं, फळं-फुलं फांदीच्या टोकाला, तिथवर जायला पकड हवी. त्याआधी रासमुसेन या आणखी एका संशोधकाने कोस्टारिकात लोकरी ओपॉसम (झाडावर राहणारा, कांगारूसारखा पिशवीवाल्या गटातला छोटा प्राणी) बघितला, तो टोकाला जाऊन फळंही खात होता आणि किडेही पकडत होता, म्हणजे दोघंही बरोबर? २००६ मध्ये इस्बेल नावाच्या संशोधक बाईंनी तर साप आणले, साप वेळेत दिसावा म्हणून नजर तल्लख झाली म्हणे. मला हे जरा ताणलेलं वाटतं, अर्थात साप दिसला की पहिली उडी माझीच असते.

मला सगळ्यात आवडतो तो अमेरिकेतल्या वायोमिंगचा कार्पोलेस्टिस, माकडांच्या पूर्वजांचा जवळचा नातेवाईक असलेला छोटा प्राणी, ५.६ कोटी वर्षांपूर्वीचा, २००२ मध्ये जाहीर झालेला सांगाडा. पायाला पकड घेणारा अंगठा, त्यावर चपटं नख, पण डोळे खारीसारखे बाजूलाच. म्हणजे निदान या गड्यात तरी पकड आधी आली, डोळे राहिलेच.

हे वाचलं तेव्हा न राहवून बाईंना फोन केला, वीस मिनिटं एकटाच बोलत होतो. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या दिवशीची वही पूर्ण केली होतीस का?

नव्हती.