पालशेतला जायचंय, पण गाडीत संडास हवा

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ७९. सहा वर्षं ते पालशेतला, स्वतःच्या गावाला, गेले नव्हते. घर आहे, चुलत दीर-जाऊ तिथेच राहतात, दर सुट्टीला बोलावणं येतं. अडचण एकच. अण्णांना प्रोस्टेटचा त्रास आहे. दर पाऊण तासाला लघवीला जावं लागतं आणि लागली की दोन मिनिटंही थांबता येत नाही.

मुलुंडहून पालशेत तीनशे किलोमीटरच्या आसपास. पनवेल, पेण, माणगाव, महाड, चिपळूण, मग गुहागरवरून पुढे. सहा वर्षांपूर्वी आमच्या छोट्या गाडीतून निघालो होतो. माणगावात गाड्यांची रांग लागलेली, दोन्ही बाजूंना दुकानं, माणसंच माणसं. तिथे जे झालं ते अण्णांच्या मानाखातर मी इथे लिहीत नाही. परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "यापुढे मला गावाला न्यायचं नाव काढू नका."

रेल्वेचं म्हणाल तर चिपळूणला गाडी थोडाच वेळ थांबते, डब्याच्या पायऱ्या उंच, अण्णांचा एक गुडघा बदललेला. शिवाय चिपळूणपासून गावापर्यंत पुन्हा पन्नासेक किलोमीटर आहेतच.

मोटरहोमची, म्हणजे आत पलंग-संडास असलेल्या गाडीची, कल्पना लेकीची. तिने मोबाइलवर एका गाडीचे फोटो दाखवले. पलंग, टीव्ही, रंगीत दिवे. मी फोटो पुढे सरकवत राहिले आणि एका फोटोवर थांबले. छोटं दार, आत कमोड.

नवऱ्याचा सूर लगेच विकत घ्यायचा. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊ, ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून आतलं काम करून घेऊ. मी दोन संध्याकाळ चौकशी केली आणि त्याला थांबवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने गाडी मुळात जशी बनवली त्यात मनाने बदल करता येत नाहीत. सीट काढून पलंग आणि संडास बसवायचा तर आरटीओची मंजुरी लागते आणि आरसी बुकात तशी नोंद व्हावी लागते. हे न करता गाडी रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. आणि सगळं रीतसर केलं तरी सात मीटरची गाडी मुलुंडमध्ये उभी कुठे करायची? आमच्या सोसायटीच्या लोखंडी कमानीखालून ती आतही येत नाही. वर्षातून दहा दिवस वापरायला तीनशे पंचावन्न दिवसांचं भाडं भरून ती कुठल्यातरी यार्डात ठेवायची, हे मला पटलं नाही. पहिल्यांदा जाताय तर भाड्यानेच घ्या, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या माणसाला त्या पलंगावर झोप लागते का, त्या संडासात बसता येतं का, हे एक प्रवास केल्याशिवाय कळत नाही.

मग गाड्या बघायला गेलो. तीन बघितल्या, तिन्ही वेळा अण्णांना बरोबर नेलं.

पहिली सगळ्यात स्वस्त होती, पण नंबरप्लेट पांढरी. पांढरी प्लेट म्हणजे खाजगी वापराची गाडी, ती भाड्याने देताच येत नाही. ड्रायव्हरसकट भाड्याने मिळणाऱ्या गाडीला पिवळी प्लेट लागते, आणि आपण स्वतः चालवायची असेल तर काळ्या प्लेटवर पिवळे आकडे. मालक म्हणाले, पोलिसांनी विचारलं तर नातेवाइकांची आहे म्हणून सांगा. मी तिथूनच परतले. ७९ वर्षांच्या माणसाला घेऊन निघताना खोटं बोलायची तयारी ठेवायची नसते.

दुसरी दिसायला सुंदर होती. पण गॅसचा सिलिंडर पलंगाखालच्या बंद कपाटात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, खाली जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक असावंच लागतं. इथे नव्हतं, आणि त्याच पलंगावर अण्णा झोपणार होते.

तिसरी घेतली. पिवळी प्लेट, आत गॅस नाहीच. टेप घेऊन गेले होते. संडासाचं दार २१ इंच. अण्णा अंग तिरकं करून आत गेले, बसले, उठले. उठताना डाव्या हाताला धरायला काही नव्हतं. मालकांनी माझ्यासमोर स्टीलचा दांडा आणून दोन स्क्रूंऐवजी चार लावून बसवून दिला. त्या माणसाचे आभार. गाडीची पहिली पायरी उंच होती, त्यासाठी घरचं बुटकं लाकडी स्टूल न्यायचं ठरलं.

भाडं दिवसाला ११,०००, डिझेल आणि ड्रायव्हर त्यात धरून, रोजचे २५० किलोमीटर. इथे एक प्रश्न नक्की विचारा: किलोमीटर रोजचे मोजणार की सगळ्या दिवसांचे मिळून? आमचा पहिला दिवस तीनशेचा आणि पुढचे दोन जवळजवळ उभे राहण्याचे. रोजचा हिशेब लावला असता तर जाता-येता दोन्ही दिवशी जादा पैसे पडले असते. मी 'चार दिवस मिळून १,०००' असं कागदावर लिहून घेतलं. ड्रायव्हरदादा रात्री कुठे झोपणार हेही आधीच ठरवा. दिवसभर एवढी मोठी गाडी चालवणाऱ्या माणसाला सीटवर अंग मुडपून झोपायला लावणं बरं नव्हे. आमचे दादा गावच्या घरात पडवीत खाटेवर झोपले, जेवण घरच्या पंगतीत.

स्वतः चालवायचं का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. माझ्याकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स आहे. ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनालाही तेच चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे लायसन्सची अडचण नव्हती. पण मागे अण्णा असताना माझं लक्ष रस्त्यावर राहिलं नसतं.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी पहाटे साडेचारला सोसायटीबाहेर रस्त्यावरच गाडीत बसलो. पहिला नियम दादांनी घातला: गाडी पूर्ण थांबल्याशिवाय कोणी उठायचं नाही. संडास आत आहे म्हणून चालत्या गाडीत जायचं नसतं, एका ब्रेकला माणूस डोक्यावर आपटतो. दर पाऊण तासाला दादा आपणहून जागा बघून डावीकडे गाडी घ्यायचे. अण्णा सुरुवातीला संकोचाने म्हणायचे, "आत्ता नकोय." दादा म्हणायचे, "मला चहा घ्यायचाय अण्णा, तुम्ही बसा आरामात." पालशेतपर्यंत गाडी अकरा वेळा थांबली. माणगावात नेहमीसारखी रांग लागली. आमची गाडी रांगेत उभीच होती, अण्णा उठले, जाऊन आले, हात पुसत खिडकीशी बसले आणि बाहेरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागले. मी तोंड दुसरीकडे फिरवलं. डोळे भरून आले होते.

महाडनंतर कशेडीचा घाट आता बोगद्यातून पार होतो, त्यामुळे वळणांचा त्रास वाचला. गावात शिरताना खरी कसरत. छतावर एसी असल्यामुळे गाडी दहा फूट उंच, आणि घराच्या वाटेवर फणसाची एक फांदी आडवी आलेली. चुलत दिरांनी कोयता घेऊन ती आधीच तोडायला हवी होती, पण त्यांना उंचीची कल्पना नव्हती. अर्धा तास गेला. गाडी खळ्यात लागली तेव्हा अख्खी वाडी जमली होती.

घर असताना गाडीत का झोपायचं, असं जाऊबाईंनी विचारलं. घरचा संडास परसात आहे, सात पायऱ्या उतरून. गाडीत पलंगापासून कमोडपर्यंत चार पावलं.

पहिल्या रात्री चूक झाली. उकडत होतं म्हणून एसी लावला. मालकांनी 'रात्रभर चालतो' असं सांगितलं होतं. अडीचला अण्णांच्या हाकेने उठले. दिवा लागेना, फ्लशला पाणी येईना. पाण्याचा पंप त्याच बॅटरीवर, आणि बॅटरी संपलेली. दुसऱ्या दिवशी दादांबरोबर बसून हिशेब केला. बॅटरी १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर, म्हणजे पूर्ण भरलेली असली तरी २,४०० वॉट-अवर. एसी तासाला हजारभर खातो. दोन-सव्वादोन तासांत खेळ खलास. रात्रभर चालतो तो बाहेरून वीज जोडलेली असेल तर. चुलत दिरांनी ओटीवरच्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवरून जाड वायर ओढून दिली, अर्थिंग तपासून. पुढच्या दोन रात्री काही अडलं नाही. पण त्या अडीच वाजता अंधारात मला घरात जाऊन बादली आणावी लागली, आणि अण्णा दारात ताटकळत उभे होते. तुमच्या गाडीत काहीही असो, एक भरलेली बादली आणि तांब्या संडासात ठेवाच.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. या गाडीतल्या कमोडखाली वीस लिटरची पेटी असते, बाहेरून छोटं दार उघडून ती सरकवून काढायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती भरत आल्याची खूण दिसली. ती ओढ्यात, समुद्रात किंवा रस्त्याकडेला रिकामी करायची नाही. घरच्या सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासात ओतायची, पाणी घालून दोनदा विसळायची, औषध घालून परत बसवायची. मी हातमोजे घालून पेटी उचलली तर अण्णा काठी टेकत मागे आले. "सूनबाई, हे तू करायचं नाही. मी लाजेने मरेन."

मी पेटी खाली ठेवली. म्हटलं, "अण्णा, परळच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये मला २८ वर्षं झाली. सकाळी पहिल्यांदा हातात काय येतं माहितेय ना? लोकांच्या बाटल्या. त्यांची नावंसुद्धा मला माहीत नसतात. तुमचं तर मला माहितेय." ते काही बोलले नाहीत. पायऱ्यांपाशी उभे राहून टॉर्च मात्र धरला, मी परत येईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला, दाभोळला जाऊ या. १९६३ साली, सतरा वर्षांचे असताना, ते दाभोळहून बोटीने मुंबईला आले होते. एक पत्र्याची ट्रंक, भाऊच्या धक्क्यावर उतरले, थेट गिरगावात काकांच्या खोलीत. धोपाव्याहून दाभोळला गाड्या नेणारी फेरीबोट आहे. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. तिकिटवाल्या मुलाने गाडीच्या मागच्या बाजूला वाकून बघितलं आणि थांबायला सांगितलं. लांब गाडीचा मागच्या चाकांपलीकडचा भाग बराच बाहेर असतो. पाणी खाली गेलं की धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि चढताना तो भाग घासतो, कधी कधी पेटीसकट. मोठी गाडी घेऊन कोकणातली फेरी घेणार असाल तर भरतीची वेळ विचारून निघा.

दीड तास थांबलो. वाशिष्ठीच्या पाण्याकडे तोंड करून गाडीचं दार उघडं ठेवलं, अण्णा दारात स्टुलावर पाय टेकून बसले. घरून आणलेले शंकरपाळे खाल्ले. तेवढ्यात दोनदा आत जाऊन आले, आता कोणाला न सांगता. पलीकडे पोचल्यावर त्यांनी काठीने एक जागा दाखवली. "इथे पडाव लागायचा. पडावातून मोठ्या बोटीत चढायचं. आई इथे उभी होती." तिथे आता काही नाही, जाळी वाळत घातली होती. ते बराच वेळ उभे राहिले.

परतीला त्रास नव्हता. सगळं मिळून टोल, दादांचा भत्ता धरून ४८,५०० रुपये झाले. आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही, तीन महिने बाकीचे खर्च आवरते घेऊन जमवली.

अण्णांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात माघी गणेश चतुर्थीला पेनाने गोल केलाय. हेदवीच्या दशभुज गणपतीला जायचंय. मी मालकांना फोन करून तीच गाडी आणि तेच दादा मागितलेत, दुसरी बॅटरी जोडून मिळेल का तेही विचारलंय. उद्या सांगतो म्हणालेत.