झिंगलेलं घर

आमच्या आजोळच्या वाड्यात माजघराचं दार पावसाळ्यात फुगायचं आणि उन्हाळ्यात त्याला बोटभर फट पडायची. तक्रार केली की आजी म्हणायची, "लाकूड आहे गं, ते कुरकुरणारच." इंग्लंडात चेशायरमधल्या लिटल मोरेटन हॉल या जुन्या लाकडी वाड्यासमोर उभी राहिले आणि पहिली आजीच आठवली. हे घर नुसतं कुरकुरत नाही, वाकडंतिकडं होऊन चक्क झिंगलंय. खंदकातलं त्याचं प्रतिबिंब परवडलं, त्याला हलायला निदान पाण्याचं निमित्त आहे.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मोरेटन घराण्यानं हे बांधायला घेतलं आणि पुढं शंभरेक वर्षं त्याला खण जोडत राहिले. खण हा शब्द मुद्दाम वापरतेय. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, हे आपल्या वाड्यांचं माप. तिकडची लाकडी घरंही अशीच खणांत मोजतात. भिंतसुद्धा ओळखीची निघाली. ओकच्या चौकटीत काठ्या उभ्या करायच्या, त्यांत हेझेल नावाच्या झुडपाच्या फांद्या विणायच्या आणि माती, पेंढा, शेण कालवून वर लिंपायचं. म्हणजे आपला कारवीचा कूडच की! पुढं वीट आवाक्यात आली तशी तिकडं कित्येकांनी कूड काढून विटा भरल्या. काहींनी तर हौसेनं तिरप्या, माशाच्या काट्यासारख्या. दिसायला देखण्या, पण कुडाहून जड, आणि ओल धरून शेजारचं लाकूड कुजवणाऱ्या. इथं मला वीट दिसली ती धुराड्यांना, विस्तवाजवळ. तिथं ती शोभते.

तर हे झिंगणं कशामुळं? एक तर ओक ओला असतानाच कापायचे, कारण वाळला की तो हत्याराला दाद देत नाही. मग घर उभं राहिल्यावर तो सावकाश वाळतो, आकसतो, पीळ घेतो. सुतारांना हे ठाऊक होतं. सांध्याच्या दोन लाकडांतली भोकं ते मुद्दाम किंचित चुकवून पाडत. त्यांतून ओकची खुंटी ठोकली की सांधा खेचला जाऊन घट्ट बसे. दुसरं कारण डोक्यावर आहे. अगदी वरच्या मजल्यावर ६८ फूट लांब गॅलरी (सज्जा नव्हे, लांबट दालन) चढवली आणि तिच्यावर छप्पर घातलं ते जाड दगडी फरश्यांचं. खालच्या खांबांनी काय करावं? वाकले बिचारे. घरातल्या भिंतींच्या लाकडी आवरणामागं जुने टेनिसचे चेंडू सापडलेत. असल्या जमिनीवर ते कुठल्या कुठं जात असतील!

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं ते प्रसिद्ध रूप मात्र एकोणिसाव्या शतकातली हौस. त्याआधी ओक तसाच उघडा ठेवत, तो हळूहळू चंदेरी होई.

चौकातल्या खिडक्यांवर १५५९ साल कोरलंय. मालक विल्यम मोरेटन देवाचं नाव घेऊन सांगतो, या खिडक्या मी केल्या. तिथंच सुतार रिचर्ड डेल कोरतो, देवाच्या कृपेनं या खिडक्या मी केल्या. 'कार्पेंटर' काही त्याला साधलेलं नाही, 'कार्पेडर' झालंय.

आजी असती तर तिनं दोघांचंही वाचलं नसतं. आधी खिडकी लावून पाहिली असती.