शिगम्याला गावी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फाल्गुन लागला, आमचा शिगमो हा गोव्यातला होळीच्या दिवसांतला सण जवळ आला, की ऑफिसात कुणी ना कुणी म्हणतंच, "पणजीत रोमटामेळाच्या नाचत्या मिरवणुका, चित्ररथ सगळं दाराशी येतं. मग तुम्ही रजा टाकून सत्तरी तालुक्यातल्या गावी कशाला जाता?" आजवर मी "माहेर आहे ना" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं आहे, पण पुरतं नाही.

आमच्या वाड्यावर चौदा घरं. त्यातल्या पाचांना वर्षभर कुलूप. माणसं नोकरीपायी वास्कोला, पुण्याला. वाड्याचं वेगळं देऊळ नाही, आहे तो मांड. झाडांच्या सावलीतली सपाट मातीची जागा, कडेला तुळस. तिथे वहाणा घालून कुणी पाऊल टाकत नाही. पणजीकडच्या तिसवाडी-बार्देश तालुक्यांत धाकटा शिगमो नवमीला सुरू होऊन पौर्णिमेला संपतो. आमचा थोरला पौर्णिमेलाच उभा राहतो. म्हणून मी आदल्या दिवशी पोचते. मांड सारवायचा असतो.

सारवण्याचं काम आम्हा बायकांचं. शेण ताजं हवं, पाणी बेताचं. हात अर्धगोल फिरवत मागे मागे सरकायचं, म्हणजे आपलंच पाऊल ओल्यात उमटत नाही. वर्षभराच्या भेगा बोटांखाली लागतात आणि बुजत जातात. शेजारची वहिनी केसांत सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, माळून आलेली असते. शेणाचा आणि सुरंगीचा वास एकत्र आला की माझ्यासाठी वसंत आला. मांडावर नाचायला मात्र पुरुषच. आमच्या वाट्याला पौषातले धालो, बायकांचा फेराचा नाच. सारवणाऱ्या हातांनी शिगम्यातही फेर धरावा असं मला मनापासून वाटतं, आणि ते मी घरात बोलूनही दाखवते.

तिकडे पडवीत भाऊ घुमट, म्हणजे आमचं कातडं ताणलेलं मातीचं वाद्य, मढवत बसलेला असतो. मातीचं भांडं आजोबांच्या वेळचं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे. घोरपडीला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं. ते भिजवून मऊ करायचं, मोठ्या तोंडावर ताणायचं, सुतळीने करकचून आवळायचं आणि उन्हात ठेवायचं. उन्ह कमी पडलं तर आवाज बसका येतो, जास्त झालं तर कातडं फाटतं. भाऊ दर थोड्या वेळाने अंगठ्याने दाबून बघतो. संध्याकाळी मांडीवर आडवं घेतो: उजव्या हाताची बोटं कातड्यावर, डावा तळवा मागच्या लहान तोंडावर उघडझाप करत. पहिला घुमारा आला की स्वयंपाकघरातली भांडी घासणारी हातची भांडी खाली ठेवते. २०१९मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य ठरवलं, त्याचा आनंद मला आहेच. जुनी माणसं म्हणतात घोरपडीच्या कातड्याची सर याला नाही. फरक मलाही ऐकू येतो. पण घोरपड रानात असलेली बरी.

रात्री नमन. ढोल-ताशे थांबतात, सगळे ओळीने उभे राहतात आणि ग्रामदेवतेपासून सुरुवात करून शेजारच्या गावांतल्या देवांपर्यंत एकेकाला हाक घालतात. घाई चालत नाही. एखादं नाव राहिलं तर बाप्पा, म्हणजे आमचे काका, मागे वळून बघतात आणि पुन्हा तिथून सुरुवात होते.

मग मेळ, म्हणजे नाचणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा जथा, दारोदारी. घरातून तळी येते: तांदूळ, नारळ, वर चार पैसे. मेळ अंगणात नाचतो, मग गाण्यातून त्या घराच्या गुराढोरांचं, लेकराबाळांचं बरं मागतो.

कुलूप लावलेल्या पाच घरांचं काय, ते तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तेच सांगायचं आहे. आमच्या वाड्यावर ती घरं चुकवत नाहीत. आधी शेजारच्या घरातलं कुणीतरी त्यांचं अंगण झाडतं, पायरीवर पणती ठेवतं. तळी आम्ही धरतो. बंद दारासमोर घुमट वाजतं आणि त्या घरच्या माणसांचं बरं मागितलं जातं. वडील गेले त्या वर्षी आईला आम्ही पणजीला आणलं होतं. आमच्याही दाराला कुलूप होतं. नंतर गावी गेले तेव्हा पायरीवर तेलाचा काळा गोल डाग होता. कुणी लावली होती पणती, ते मी विचारलं नाही. त्यानंतर एकही शिगमो चुकवलेला नाही.

यायचं असेल तर पौर्णिमेच्या आदल्या दुपारी वाळपईची बस धरा. येताना दोन नारळ आणा, तळीला लागतील. आणि मांड ओला असेल, कडेकडेने या.