सूनबाईच्या पणजीचं पान भरत चाललंय

मंडळी, सूनबाईच्या माहेरच्या वंशावळीचं रेंगाळलेलं काम आता चांगलं पुढे सरकलंय. तिच्या पणजीच्या जमिनीची फाइल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून अखेर हाती आली.

घरात तिला सगळे ग्रॅमा म्हणत. तिच्या मांडीवर वाढलेल्या आता एकट्या माझ्या विहीणबाई उरल्यात, त्यांची ती आजी. त्यांच्या बोलण्यातली ग्रॅमा म्हणजे चोकचेरीची जेली करणारी, नातवंडांना रात्री अंगणात नेऊन तारे दाखवणारी, दारी आलेल्याला जेवल्याशिवाय न सोडणारी. फाइलमध्ये भेटली ती चोवीस वर्षांची अविवाहित मुलगी. तिने १९०७ साली नेब्रास्काच्या चेरी काउंटीत एकटीच्या नावावर ६४० एकरांचा अर्ज केला होता.

६४० एकर कसे, हे आधी सांगते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुखाला किंवा एकवीस पूर्ण झालेल्या कोणालाही १६० एकर मिळत, आणि त्यात अविवाहित बायकाही बसत. पण पश्चिम नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत १६० एकरांवर कुटुंब जगेना. म्हणून १९०४ च्या किनकेड कायद्याने तिथल्या ३७ काउंट्यांत ६४० एकर, म्हणजे एक चौरस मैल, देऊ केले. पाच वर्षं राहायचं आणि एकरी सव्वा डॉलरच्या हिशेबाने सुधारणा करायच्या, अशी अट होती. म्हणजे एकूण ८०० डॉलर.

आणि हे सगळं तिला जबानीत सिद्ध करावं लागलं. घर कधी बांधलं, केवढं आहे, किती जमीन नांगरली, गैरहजर होतीस का, असले छापील प्रश्न आणि त्यांच्यापुढे तिची उत्तरं. गवताच्या ढेकळांचं एका खोलीचं घर, विहीर, पवनचक्की, काटेरी तारेचं कुंपण, कोंबड्यांचं खुराडं. हिवाळ्यात काही महिने ती शाळेत शिकवायला जायची. माझा अंदाज असा की तो पगार कुंपणाच्या तारेत गेला असावा. दोन शेजाऱ्यांच्या साक्षी आहेत, वर्तमानपत्रात छापलेल्या नोटिशीचं कात्रण आहे, आणि खाली तिची ठसठशीत, न अडखळलेली सही. विहीणबाईंना व्हिडिओ कॉलवर ती सही दाखवली तेव्हा त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, आजीने हे आम्हाला कधीच सांगितलं नाही.

तुमच्यापैकी कोणी याच वाटेने जाणार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. नेब्रास्काच्या जुन्या फायली डिजिटल झाल्यात, म्हणून ग्रॅमाच्या वडिलांची कस्टर काउंटीची फाइल घरबसल्या मिळाली. १९०८ च्या मध्यापासून मात्र जमिनीच्या पेटंटांना, म्हणजे सरकारने जमीन नावावर करून दिल्याच्या दाखल्यांना, नवी क्रमांकमालिका सुरू झाली. त्यानंतरच्या कागदांसाठी आधी अमेरिकी सरकारच्या भूमी कार्यालयाच्या (जनरल लँड ऑफिस) नोंदींच्या मोफत संकेतस्थळावर पेटंटचा क्रमांक शोधायचा आणि तो देऊन फाइल मागवायची. पेटंटवर टाउनशिप, रेंज आणि सेक्शन असतो, आपल्या सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकासारखा. त्यावरून आजच्या नकाशात नेमका तुकडा सापडतो.

जनगणनेतही एक दरी आहे. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळी गेली. नेब्रास्कात १८८५ ला राज्याची वेगळी जनगणना झाली होती, हे आपलं नशीब. तिच्यात ग्रॅमा दोन वर्षांची आहे. १९०० च्या जनगणनेत बायकांना किती मुलं झाली आणि किती हयात आहेत हे विचारलं होतं. ग्रॅमाच्या आईपुढे नऊ आणि सहा असे आकडे आहेत. त्या तीन मुलांची नावं घरात कोणाला माहीत नाहीत. ती शोधणं मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

ग्रॅमाने सांगितलेल्या बालपणीच्या आठवणी विहीणबाईंकडून मी उतरवून घेतेय. १२ जानेवारी १८८८ चं हिमवादळ त्यांत आहे. सकाळी हवा उबदार होती, म्हणून मुलं पातळ कपड्यांत शाळेत गेली, आणि अचानक वादळ आलं. सगळ्या प्रदेशात मिळून दोनशेच्या वर माणसं गेली. ग्रॅमाचे भाऊ वाचले, कारण मास्तरांनी रात्रभर कोणालाही दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. झाडं नसल्यामुळे जळण म्हणून माळावरचं वाळलेलं शेण आणायचं, आणि ते काम मुलांचं. आमच्याकडे रानशेणी वेचायला अजून जातात हे सांगितल्यावर विहीणबाईंना फार आनंद झाला.

एक परिच्छेद मी ग्रॅमाच्या पानाच्याही आधी घातलाय. मध्य नेब्रास्काचा मोठा मुलूख पॉनी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा. १८५७ च्या तहात त्यांनी उरलेली बहुतेक जमीन सोडली आणि १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. ग्रॅमाचे वडील त्यानंतर काही वर्षांतच तिथे आले. कुटुंबाचं प्रेम मनात ठेवूनच हे लिहिलंय. विहीणबाईंनी वाचून होकार दिला.

आपल्या जुन्या कुलवृत्तांतांत बाई बहुधा कोणाची तरी पत्नी म्हणून एका ओळीत येते, आणि मुलगी सासरच्या नावासह संपते. ग्रॅमाच्या नवऱ्याची नोंद मी तिच्या पानावर घेतलीय, उलट नाही. जमीन लग्नाआधी तिची होती, तेव्हा हाच क्रम खरा.

पुढचं काम डेन्मार्कचं. ग्रॅमाच्या वडिलांच्या नागरिकत्वाच्या कागदांत देश आहे, गाव नाही. डॅनिश चर्चची जुनी पुस्तकं त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने मोफत ऑनलाइन ठेवलीत, पण गावाशिवाय ती उघडून उपयोग नाही. म्हणून आता कस्टर काउंटीतल्या चर्चच्या नोंदी आणि मृत्युलेख चाळतेय. कोणाला जुनी डॅनिश गॉथिक अक्षरं वाचता येत असतील तर जरूर कळवा, नमुन्याची पानं पाठवते.