अळंबी आणि शेवाळ: तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, अळंबी म्हणजे शेवाळाच्याच जातीतली ना?" पाऊस धरला की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्यांचं चुकत नाही. दोन्ही पावसात दिसतात, दोघांनाही फुलं नाहीत, बिया नाहीत. आमच्या आधीच्या पिढीला तर पुस्तकांनीच दोघांना अपुष्प वनस्पतींत शेजारी बसवून शिकवलं. १९६९ साली व्हिटेकर या शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत मांडणी केली, त्यात कवकांची, म्हणजे अळंबी आणि इतर बुरशींची, सृष्टीच वेगळी झाली.

चिऱ्याच्या गडग्यांवर आपल्या किनाऱ्याला सर्रास दिसणारं शेवाळ (मॉस) म्हणजे हायोफिला इन्व्होल्यूटा. (पायरीवरून पाय घसरतो ते बहुधा शैवल, म्हणजे अल्गी, ते प्रकरण निराळं.) मे महिन्यात याची पानं आत गुंडाळून काळपट पडतात, मेलंच म्हणाल. चमचाभर पाणी टाकून भिंग धरा. कडा उलगडतात, बघता बघता हिरवं होतं. खरी मुळं नाहीत, अंगानेच पाणी पितं आणि उन्हावर आपलं अन्न आपण करतं. दिसतं तेवढंच त्याचं बिऱ्हाड.

रोयणीवरच्या (वाळवीच्या वारुळावरच्या) अळंबीचं, म्हणजे टर्मिटोमायसिसचं, बिऱ्हाड जमिनीखाली आणि तेही वाळवीच्या घरात. छत्रीचा दांडा हळूहळू उकरत गेलात तर तो मुळासारखा निमुळता होत थेट तिथवर पोचतो. वाळवी पाचोळा, लाकूड खाते आणि विष्ठेचं स्पंजासारखं पोळं रचते. त्यावर ही बुरशी वाढते, लाकडातलं कठीण ते पचवते आणि वाळवी बुरशीसकट ते पोळं खाते. बुरशीला हरितद्रव्य नाही. पेशींच्या भिंतीत कायटिन, सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालीत असतं तेच. श्रावणात मासळी बंद करून अळंब्यांचं तोंडाक (रस्साभाजी) करणाऱ्यांनी हे वाक्य वाचलं नाही तरी चालेल.

फरक खरा जाणवतो तो काढताना. शेवाळ खरवडलं तरी उरलेल्या तुकड्यातून परत धरतं. रोयण कुदळीने फोडली तर वाळवीचं घर मोडतं आणि बुरशीचं शेतही. बाजारात बंद कळ्यांना भाव जास्त, पण बीजाणू झडतात ते छत्री उघडल्यावर. पाचोळा गोळा करणाऱ्या वाळवीबरोबर ते नव्या पोळ्यात जातात. म्हणून मी उघडलेलीच मागते. विकणारी बाई हसते, दोन जास्त घालते, आणि तोंडाकाच्या चवीत मला तरी काही कमी वाटलेलं नाही.