इराणच्या संघाकडे हिशेब मागायचा तो कशाचा?

रविवार, 7 डिसेंबर 2025. कोल्हापूर

परवा रात्री 2026 च्या फुटबॉल वर्ल्ड कपचा ड्रॉ झाला. इराण ‘जी’ गटात, सोबत बेल्जियम, इजिप्त आणि न्यूझीलंड. सकाळी भाचा चहाला आला तो हसतच. म्हणाला, “मामा, तुमच्या इराणला लॉटरीच लागली की!” 1998 पासून हा संघ बघतोय म्हणून घरात इराण ‘माझा’ ठरलाय. त्याला म्हटलं, बाबा रे, कागदावर इराण कधीच हरत नाही, भानगड होते ती मैदानात. आशिया कप शेवटचा जिंकला 1976 ला. त्याआधी 68 आणि 72 ला, म्हणजे ओळीने तीन. त्यानंतर आजतागायत एकही नाही, आणि मधल्या काळात आशियातला सगळ्यात दांडगा संघ म्हणून नाव मात्र कायम.

तो गेल्यावर 28 जानेवारी 2019 चा तो गोल परत लावला. अल ऐन, आशिया कपची सेमीफायनल, समोर जपान. तोवरच्या पाच सामन्यांत इराणने एकही गोल खाल्ला नव्हता. 56 वं मिनिट, स्कोअर शून्य-शून्य. जपानचा मिनामिनो डावीकडून घुसतो, इराणच्या कनआनीशी धडक होते, मिनामिनो पडतो. आणि इराणचे पाच जण बॉल सोडून रेफ्रीकडे धावतात. हात वर, तोंडं उघडी, ‘नाटक करतोय’ म्हणून तक्रार. शिट्टी वाजलेलीच नाही. मिनामिनो उठतो, रेषेबाहेर निघालेला बॉल गाठतो, मान वर करून बघतो आणि शांतपणे क्रॉस टाकतो. ओसाकोचं हेडर, गोल. रेफ्रीभोवतीचा घोळका वळेपर्यंत बॉल जाळ्यात. पुढे पेनल्टी, मग शेवटी आणखी एक. 3-0.

आपल्या शाहू स्टेडियमवरही हे दर हंगामात बघतो. पेठेचा सामना असला की रेफ्रीला गराडा पडणारच. पण आमची पोरं दुसऱ्या दिवशी दुकानात नाहीतर वर्कशॉपमध्ये कामाला जातात. अल ऐनला उभे होते ते युरोपात खेळून आलेले व्यावसायिक खेळाडू. शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं, हे बारा वर्षांच्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगतात.

खरी चीड मला त्यानंतरच्या गोष्टीची येते. प्रशिक्षक केरोश गेले, आठ वर्षांचं एक पर्व संपलं म्हणून लेख आले, रेफ्रीच्या नावाने बोटं मोडून झाली. त्या पाच जणांना कुणी काही विचारलं असेल तर ते माझ्या तरी वाचनात आलं नाही. 2024 च्या आशिया कपात परत तेच. सीरियाविरुद्ध तारेमीने शेवटच्या क्षणी दुसरं पिवळं कार्ड घेतलं आणि जपानविरुद्धची क्वार्टरफायनल मैदानाबाहेरून बघितली. बाकीच्यांनी ती जिंकली, जहाँबख्शने अगदी शेवटी पेनल्टी मारली म्हणून. सेमीफायनलला कतारविरुद्ध आझमूनने चौथ्याच मिनिटाला उलट्या किकने असला गोल केला की मी उठून उभा राहिलो. तरी 3-2 ने हरले. वर शेवटी शोजा खलिलजादेला लाल कार्ड.

हे सगळं चिडून लिहितोय खरा, पण इराणमध्ये ‘खेळाडूने जबाबदारीने वागावं’ असं कुणी म्हणतं तेव्हा त्याच्या डोक्यात मिनामिनोचा क्रॉस नसतोच. तिथे या मागणीचं मूळ फुटबॉलमध्ये नाही, कुस्तीत आहे. तालमीच्या गावातल्या माणसाला ते लवकर कळतं. त्यांचे जोरखाने म्हणजे आपल्या तालमीच, मुद्गल तिकडेही फिरवतात. आणि तिथला आदर्श पहिलवान म्हणजे गुलामरझा तख्ती. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्ण त्याच्या नावावर आहे, पण लोक त्याला आठवतात ते 1962 च्या बुइन झहराच्या भूकंपासाठी. तेहरानच्या रस्त्यावर स्वतः हिंडून त्याने मदत गोळा केली होती. तेव्हाचा इराणचा राजा, शहा, त्याच्या मर्जीतला तो नव्हता. 1968 च्या जानेवारीत तेहरानच्या एका हॉटेलात तो मेलेला सापडला. सरकार म्हणालं आत्महत्या, कित्येकांनी ते आजवर मानलेलं नाही.

तेव्हापासून इराणी माणूस खेळाडूला या मापाने मोजतो. अंगात ताकद आहे ना, मग ती कुणाच्या बाजूने उभी केलीस ते सांग. 2017 ला केरमानशाहमध्ये भूकंप झाला तेव्हा फुटबॉल संघाचा माजी कर्णधार अली दाईने लोकांना मदतीचं आवाहन केलं आणि लोकांनी त्याच्याकडे पैसे दिले, कारण सरकारपेक्षा त्यांचा त्याच्यावर भरवसा जास्त होता. अशी इभ्रत आपल्याकडच्या किती क्रिकेटपटूंना आहे, हा प्रश्न मनात आला. लिहिणार नव्हतो, लिहिला.

पण या मापाची दुसरी बाजू जीवघेणी आहे. लोकांना खेळाडू आपला हवा, सरकारलाही आपलाच हवा, आणि दोघांच्या मध्ये तो पंचविशीचा पोरगा. 17 जून 2009, सोल, दक्षिण कोरियाविरुद्ध वर्ल्ड कपच्या पात्रतेचा सामना. निवडणुकीच्या निकालावरून तेहरानचे रस्ते पेटले होते आणि काही खेळाडू मनगटाला हिरव्या, म्हणजे विरोधकांच्या रंगाच्या, पट्ट्या बांधून उतरले. मध्यंतरानंतर बहुतेकांची मनगटं मोकळी होती. सामना 1-1, पार्क जी-सुंगचा गोल, वर्ल्ड कप हुकला. त्या मध्यंतरात ड्रेसिंग रूममध्ये काय झालं असेल, याचा विचार मी कैक वेळा केलाय. पंचेचाळीस मिनिटं खेळून घामाघूम होऊन आलाय, वर्ल्ड कप एका सामन्यावर लटकलाय, आणि बोलणं चाललंय मनगटाचं.

2017 चं प्रकरण तर त्याहून विचित्र. मसूद शोजाई आणि एहसान हाजसफी ग्रीसच्या पानिओनिओसकडून खेळायचे. युरोपा लीगच्या पात्रता फेरीत समोर आला मक्काबी तेल अवीव, म्हणजे इराण ज्या देशाला मानतच नाही त्या इस्रायलचा क्लब. इस्रायलमधल्या सामन्याला दोघे गेले नाहीत, अथेन्सच्या सामन्यात खेळले. म्हणजे पगार देणाऱ्या क्लबशी करार पाळला, एवढंच. उपक्रीडामंत्र्यांनी टीव्हीवर सांगून टाकलं की या दोघांना आता राष्ट्रीय संघात जागा नाही. फिफाने विचारणा केली तेव्हा भाषा मवाळ झाली. हाजसफी लवकर परतला, शोजाईला बरेच महिने बाहेर ठेवलं. आणि गंमत बघा, पुढच्या जूनमध्ये सेंट पीटर्सबर्गला मोरोक्कोविरुद्ध वर्ल्ड कपचा पहिला सामना, तेव्हा कर्णधाराची पट्टी शोजाईच्याच दंडावर.

त्याच वर्ल्ड कपनंतर सरदार आझमूनने तेविसाव्या वर्षी निवृत्ती जाहीर केली होती. लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की नुकतीच मोठ्या आजारातून उठलेली आई पुन्हा आजारी पडली. आई आणि संघ यात मी आई निवडली, असं त्याने कळवलं. पुढे परत आला म्हणा. पण ज्या लोकांच्या बाजूने उभं राहायचं, ते लोक असेही असतात.

2022 बद्दल लिहायचं की नाही, असं वाटत होतं. सगळं माहितीचं आहे. सप्टेंबरात हिजाबवरून पकडलेल्या महसा अमिनीचा कोठडीत मृत्यू झाला आणि देशभर आंदोलन पेटलं. ऑस्ट्रियात सेनेगलशी मैत्रीपूर्ण सामना होता, तिथे राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी छातीवरचं बोधचिन्ह झाकणारी काळी जाकिटं घातली होती. आझमूनने इन्स्टाग्रामवर लिहिलं की शिबिर संपेपर्यंत बोलायची बंदी आहे, पण गप्प बसवत नाही, संघाबाहेर काढलं तरी चालेल. नंतर कतारला निघायच्या आधी संघ राष्ट्राध्यक्ष रईसींना भेटायला गेला. ते फोटो बाहेर आले आणि कालचे हिरो एका दिवसात गद्दार झाले. 21 नोव्हेंबरला इंग्लंडविरुद्ध राष्ट्रगीत वाजलं तेव्हा अकरा जण ओठ मिटून उभे. आदल्या दिवशी हाजसफी पत्रकारांसमोर म्हणाला होता की देशातली परिस्थिती ठीक नाही, लोक सुखी नाहीत. सामना 6-2 ने हरले. तीन दिवसांनी वुरिया गफूरी, कधीकाळचा त्यांचाच सोबती, अटकेत. दुसऱ्या दिवशी वेल्सविरुद्ध ओठ हलले.

ते हलणारे ओठ मी टीव्हीवर बघितले. एकाचे डोळे पाण्याने भरलेले, एकाची नजर जमिनीवर. वेल्सला त्यांनी इंज्युरी टाइममध्ये दोन गोल घालून हरवलं, चेश्मीने मग रेझाईयानने, आणि इराणमध्ये काही जण नाचले तर काही जणांनी तोंड फिरवलं. चार दिवसांनी अमेरिकेशी 1-0 ने हरल्यावर तर काही गावांत आनंदाने गाड्यांचे हॉर्न वाजले. स्वतःच्या संघाच्या पराभवावर.

माझं मत विचाराल तर, डायरीला कोण विचारतंय, पण तरी: गाणं म्हटलं म्हणून त्यांना भित्रे म्हणायचा अधिकार मला नाही. कोल्हापुरात खुर्चीवर बसून दुसऱ्याने तुरुंगात जावं अशी अपेक्षा ठेवणं फार स्वस्त आहे. अमीर नस्र-आझादानी हाही फुटबॉलपटूच, त्याला त्या आंदोलनाच्या खटल्यात मोठी शिक्षा झाली. दाईच्या बायकोला आणि मुलीला घेऊन निघालेलं विमान मध्येच कीश बेटावर उतरवलं, त्या दोघींना खाली उतरवलं. किंमत काय असते, ते या लोकांना माहीत होतं. मौनाबद्दल मी त्यांना मान देतो, गाण्याबद्दल हिशेब मागत नाही. हिशेब मागतो तो रेफ्रीकडे धावणाऱ्या त्या पाच जणांकडे. तो मागायला कुणी जीव धोक्यात घालायला नको, आणि नेमका तोच कुणी मागत नाही. मोठ्या दुःखाच्या सावलीत बारीक हलगर्जीपणा खपून जातो.

वरच्यांचं तर विचारूच नका. 2006 च्या वर्ल्ड कपनंतर फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षाला सरकारी खात्याने हटवलं, तेव्हा ढवळाढवळ म्हणून फिफाने इराणला काही काळ निलंबितच केलं होतं. 2019 ला बेल्जियमचे विल्मोट्स प्रशिक्षक म्हणून आणले. बहारीन आणि इराककडून हरून ते काही महिन्यांत गेले आणि कराराचे लाखो युरो मागे लागले. त्यांच्यानंतरचा प्रशिक्षक स्कोचिचने जानेवारी 2022 मध्ये संघ आरामात वर्ल्ड कपला पोचवला. जुलैमध्ये त्याला काढलं, आठवड्याभरात परत घेतलं, सप्टेंबरात पुन्हा काढून केरोशना बोलावलं. स्पर्धा दोन महिन्यांवर. मधल्या काळात खेळाडूंमध्येच दोन तट, एक स्कोचिचकडे, दुसरा विरुद्ध. प्रशिक्षक कोण असावा हे ड्रेसिंग रूम ठरवायला लागली की मग ड्रेसिंग रूमला जाब विचारणार कोण?

म्हणूनच आता प्रशिक्षक कलेनोईंकडे बघताना मला वयाची चिंता वाटते. मार्च 2025 मध्ये उझबेकिस्तानशी 2-2 करून वर्ल्ड कपचं तिकीट काढलं, दोन्ही गोल तारेमीचे. झकास. पण तारेमी 92 चा, बैरानवंद 92 चा, जहाँबख्श 93 चा, हाजसफी 90 चा. 2018 ला ज्यांच्या जिवावर पोर्तुगालला रोखलं, तीच माणसं. खलिलजादे पुढच्या जूनपर्यंत 37 पूर्ण करेल. 2006 ला न्यूरेंबर्गला मेक्सिकोविरुद्ध दाईही 37 चाच होता. नव्वद मिनिटं खेळला, दुसऱ्या अर्धात पाय उचलत नव्हते, तरी त्याला बाहेर बोलवायची हिंमत तेव्हाचे प्रशिक्षक इवान्कोविचना झाली नाही. मध्यंतराला 1-1 होतं, संपलं 3-1 ने. दाईसारख्या माणसाला बसवणं सोपं नसतं, त्याने देशासाठी काय केलंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. तख्तीच्या मापाने तो पूर्ण उतरतो. मेक्सिकोच्या बचावफळीला त्याचं काय?

पुढच्या वर्ल्ड कपमधले इराणचे गटातले तिन्ही सामने अमेरिकेत. न्यूझीलंड आणि बेल्जियम लॉस एंजेलिसला, इजिप्त सिएटलला. इराणबाहेर सगळ्यात जास्त इराणी कुठे असतील तर लॉस एंजेलिसला. क्रांतीनंतर देश सोडून गेलेले लोक आणि त्यांची पोरं. स्टँडमध्ये शहाच्या काळातला सिंह-सूर्याचा जुना झेंडा असणार, शिव्या असणार, रडणं असणार, आणि राष्ट्रगीत सुरू झालं की कॅमेरा पुन्हा एकेका ओठावर फिरणार. त्यात कलेनोई काही करू शकत नाहीत. 15 जूनला न्यूझीलंडचा ख्रिस वूड उंच बॉलसाठी उडी मारेल तेव्हा त्याच्या शेजारी 37 वर्षांचा खलिलजादे असावा की कुणी 25 वर्षांचा, हे मात्र त्यांच्या हातात आहे. अजून सहा महिने आहेत. मार्चच्या मैत्रीपूर्ण सामन्यांत दोन नवे सेंटर-बॅक पूर्ण नव्वद मिनिटं खेळवलेले दिसले, तर मी भाच्याशी शंभर रुपयांची पैज लावायला तयार आहे. नाही दिसले तर गप्प बसेन.